सुट्या भागांचा हिशोब हीच दुकानाची तिजोरी

शेताला पाणी देणारे डिझेल इंजिन, फवारणीचा पंप, गवत कापायचे यंत्र, छोटा जनरेटर अशा लहान इंजिनांच्या दुरुस्तीची दुकाने तालुक्याच्या बाजारपेठेत हमखास आढळतात. कारागिराच्या हाताला हुनर असतो, कामालाही तोटा नसतो, तरी महिनाअखेर हातात काही उरत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. अशा वेळी गल्ल्यात न पाहता पाठीमागच्या फळ्यांकडे पाहावे. बरीचशी कमाई तिथे गंजत पडलेली असते.

बहुतेक दुकानांत कोणता भाग कुठे आहे हे फक्त उस्तादाला ठाऊक असते. ते आहेत तोवर ठीक. चार दिवस आजारी पडले की दुकान बसलेच! शागीर्दाला भाग सापडत नाही, तो बाजारातून नवा आणतो आणि पंधरा दिवसांनी जुना एखाद्या डब्यातून निघतो. एकाच मालाचे पैसे दोनदा गेले. तिकडे शेतकऱ्याची पाण्याची पाळी चुकली ती वेगळीच. सापडत नाही तो माल असून नसल्यासारखा.

आधी तीन ढीग वेगळे करा

विकण्यासाठी आणलेला नवा माल, गिऱ्हाइकाच्या इंजिनातून उघडलेले भाग आणि बदलून काढलेले जुने भाग हे तीन कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. प्रत्येक उघडलेल्या इंजिनाला वेगळा ट्रे असावा आणि त्यावर गिऱ्हाइकाचे नाव व तारखेची चिठ्ठी लावावी. उघडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर जोडताना घोटाळा होत नाही. डिझेल पंपाचा प्लंजर व त्याचे बॅरल ही घासून जुळवलेली जोडी असते. एका इंजिनाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये गेला की दोन्ही कामे बिघडतात. बदललेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. त्याने संशय राहत नाही.

नावावर जाऊ नका, नंबर पाहा

नुसते ‘पिस्टन’ लिहिलेला डबा काही कामाचा नाही. लिस्टर पद्धतीचे ६५० फेऱ्यांचे इंजिन आणि पीटर पद्धतीचे १५०० फेऱ्यांचे इंजिन यांचे पिस्टन एकमेकांना बसत नाहीत. शिवाय सिलिंडर बोअर केल्यावर ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठा पिस्टन लागतो आणि रिंगाही त्याच मापाच्या लागतात. तेव्हा डब्यावर इंजिनाचा प्रकार आणि माप दोन्ही लिहावे.

बेअरिंगचे काम सोपे आहे. ६२०४, ६२०५ अशा नंबरांचे शेवटचे दोन आकडे पाचने गुणले की आतल्या भोकाचे माप मिळते : २० आणि २५ मिलिमीटर. ६२०३ ला मात्र हा हिशोब लागू नाही. त्याचे भोक १७ मिलिमीटरचे. ऑइल सीलवर आतले माप, बाहेरचे माप आणि जाडी लिहिलेली असते. त्याच क्रमाने खोकी लावावीत. प्लगच्या बाबतीत सावध राहावे. एनजीकेच्या प्लगमध्ये उष्णतेचा आकडा वाढला की प्लग थंड होत जातो, बॉशमध्ये नेमके उलटे आहे.

ठेवण्याचीही रीत असते

कापडाचे ठाण उन्हात ठेवले तर रंग उडतो हे सर्वांना माहीत आहे. रबराचेही तसेच आहे. ऑइल सील, ओ-रिंग, डायफ्रॅम यांना ऊन नको आणि वेल्डिंगची जवळीकही नको, कारण ठिणगीने तयार होणाऱ्या ओझोन वायूने रबराला चिरा पडतात. ओ-रिंग खिळ्याला टांगू नयेत, आकार बिघडतो. हेडचे पॅकिंग सपाट ठेवावे, दुमडू नये. बेअरिंगचे वेष्टन बसवायच्या वेळीच फोडावे. जुना माल आधी वापरायचा, म्हणून खोक्यावर खरेदीचा महिना टाकावा.

स्वस्त पण अडवणारे भाग

किमतीवरून मालाचे अ, ब, क गट पाडण्याची रीत १९५१ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतून पुढे आली. महागड्या मालावर बारीक नजर, स्वस्तावर ढोबळ, असा तिचा अर्थ. दुरुस्तीच्या दुकानात एवढ्याने भागत नाही. नोझलखालचे तांब्याचे वायसर अगदी स्वस्त, पण तेच नसले तर हजारोंचे काम झालेले इंजिन अडून बसते. म्हणून अडवणारे स्वस्त भाग भरपूर ठेवावेत, आणि क्वचित लागणारे महाग भाग घाऊक व्यापाऱ्याकडून गरजेपुरतेच आणावेत.

एक वही, एक चिठ्ठी

प्रत्येक कप्प्याला नंबर द्यावा आणि वहीत भागाचे नाव, माप, कप्पा व शिल्लक लिहावी. दोन डब्या उरल्या की मागवायचे असेल, तर त्या दोन डब्या दोऱ्याने बांधून वर चिठ्ठी ठेवावी. दोरा सुटला की ती चिठ्ठी मागणीच्या खिळ्याला जाईल. वर्षातून एकदा मोजदाद करावी. दोन हंगाम हात न लागलेला माल व्यापाऱ्याला परत करावा किंवा पडत्या भावाने काढावा. कटपीस काढायला कापडवाला लाजत नाही, मग मिस्त्रीने का लाजावे?

हे सारे एका दिवसात होणार नाही. पावसाळ्यात पाण्याची इंजिने बंद असतात, तेव्हा रोज एक फळी घ्यावी आणि लिहिण्याचे काम शागीर्दाकडूनच करून घ्यावे. लिहिता लिहिता तो माल ओळखू लागेल, आणि उस्ताद नसतानाही दुकान चालेल.