विषय आधी की कागद आधी?

इतिहासात एम. ए. : लेखांक सातवा

गेल्या लेखांकात सत्रे, श्रेयांक आणि वैकल्पिक विषयांचा हिशेब झाला. आता दुसऱ्या वर्षाकडे वळू. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्या विद्यापीठांत एम. ए.ला संशोधन प्रकल्प आला आणि पूर्वी ज्याला लघुप्रबंध म्हणून टाळता येत असे, ते काम बहुतेकांच्या गळ्यात पडले. मला विचाराल तर बरेच झाले. बाकीच्या सगळ्या पेपरांत आपण दुसऱ्याने लिहिलेला इतिहास वाचतो. तो लिहितात कसा, हे कळण्याची वेळ इथेच येते.

गाडी अडते ती विषयावर. ‘शिवकालीन स्त्रीजीवन’, ‘पेशवेकालीन समाज आणि संस्कृती’, ‘महाराष्ट्रातील शेतकरी चळवळी’ असली शीर्षके दरवर्षी नव्याने येतात, मार्गदर्शकही कंटाळून मान डोलावतात आणि पाच छापील पुस्तकांवरून सहावे तयार होते. प्रस्तावना, भौगोलिक पार्श्वभूमी, तीन प्रकरणे, उपसंहार. भौगोलिक पार्श्वभूमीत सह्याद्री येतोच, मग विषय जकातीचा असो की लावणीचा.

रस्ता उलटा धरावा. आपल्या आवाक्यात कोणते कागद आहेत आणि त्यातले आपल्याला काय वाचता येते, हे आधी पाहावे. विषय त्यातून काढावा.

पुण्याचे पेशवे दफ्तर घ्या. तिथे तीस हजारांहून अधिक रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. रोजकीर्द, घडणी, पागा, जमाव, प्रांत अजमास, चिटणीशी, शाहू दफ्तर अशा त्यांच्या वाटण्या आहेत. हे कागद इंग्रजांनी जपले ते इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे. कोणाचे इनाम खरे, कोणाचे खोटे, हे ठरवायला त्यांना ते हवे होते. इमारतीचे जुने नावही एलिएनेशन ऑफिस. त्यामुळे जमाखर्च, वतने, इनामे, देवस्थानांची नेमणूक यांविषयी इथे भरभरून मिळते. ‘पेशवाईतली माणसे मनात काय विचार करत होती’ असा प्रश्न घेऊन गेलात, तर हात हलवत परत याल. एखाद्या कसब्याच्या दहा वर्षांच्या जकातीचा प्रश्न घेऊन गेलात, तर दोन सत्रे पुरणार नाहीत.

रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी या दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला काढले. ज्याला मोडी येत नाही त्याने तिथून सुरुवात करावी. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड आहेत, वासुदेवशास्त्री खऱ्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ आहे. पण एक लक्षात ठेवा : छापताना निवड झालेली असते. सरदेसायांना राजकारण आणि मोहिमा यांचे आकर्षण होते. आज ज्यांना बलुतेदार, कुणबिणी, दुष्काळ यांवर काम करायचे आहे, त्यांचे बरेच कागद अजून रुमालातच बांधलेले आहेत. गावगाड्यातल्या बलुत्यांविषयी मराठी कागदांवरून महत्त्वाचे लिहिले ते हिरोशी फुकाझावा या जपानी अभ्यासकाने, याची आपल्याला थोडी लाज वाटायला हरकत नाही.

मोडीला लोक उगाच घाबरतात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हे नाहीत, हे खरे. पण सरकारी कागदांची भाषा ठरावीक साच्याची असते. मायना आणि शेवट ओळखू आले की मधला मजकूर हळूहळू सुटू लागतो. रोज तासभर दिला तर काही महिन्यांत सुवाच्य अक्षर वाचता येते. घसरट अक्षर पुढे वर्षानुवर्षे छळते, ते सोडा.

खरी कसोटी तारखेची. कागदावर ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिहिलेले असते. हा शुहूर सन. आकडे अरबी, आणि आधी एकक, मग दशक, शतक, शेवटी हजार. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार : ११६१. हा सन मृगाला बदलतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. त्याच कागदावर ‘छ’ आणि पुढे जमादिलाखर असेल, तर तो हिजरी महिन्याचा चंद्र. ११६१चा जमादिलाखर जानेवारीत पडतो, तेव्हा ६०० मिळवा : १७६१. पानिपतचा महिना. शके १६८२, हिजरी ११७४, शुहूर ११६१, सगळे एकाच दिवसाचे. नुसते ५९९ मिळवून मोकळे झालात, तर पानिपत एक वर्ष आधी घडवाल.

हे निदान सन लिहिलेल्या कागदाचे झाले. पुष्कळ खासगी पत्रांत नुसता चंद्र आणि महिना असतो, सन नसतोच. मग पत्रात कोण हयात आहे, लष्कराचा मुक्काम कुठे आहे, पाऊस लागलाय का, यावरून वर्ष काढायचे. नानासाहेब पेशवे जून १७६१मध्ये वारले. त्यांना पत्र लिहिले असेल, तर वरची मर्यादा तिथे ठरली. मग खालची शोधायची. पुस्तकातल्या वाक्याखाली छोटासा आकडा आणि तळटीप दिसते, तिच्यामागे असा आठवडा गेलेला असतो. एम. ए.च्या विद्यार्थ्याने एका पत्राचे वर्ष स्वतः, कारणांसकट ठरवले, तर त्याच्या प्रकल्पाला मी पैकीच्या पैकी गुण देईन. उरलेली ऐंशी पाने नसली तरी चालतील.

अठरावे शतक नको असेल तर सक्ती नाही. १८७७ला सुरू झालेले ‘दीनबंधु’, १८८१चा ‘केसरी’, जिल्ह्यांची गॅझेटिअर, दहा वर्षांच्या जनगणना, गावच्या नगरपालिकेची कार्यवृत्ते, बंद पडलेल्या सूतगिरणीचे हजेरीपट, यांना मोडी लागत नाही किंवा फार थोडी लागते. पोर्तुगीज शिकायची तयारी असेल, तर पणजीचे पुराभिलेखागार आहे. त्याची स्थापना १५९५ची आणि पहिला अधिकारी दियोगु दु कौतु हा स्वतः इतिहासकार होता. तिथले कागद मराठा-पोर्तुगीज संबंधांची दुसरी बाजू सांगतात आणि ती वाचणारे मराठी विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके.

पदवीच्या भीतीने कोणी मागे सरू नये. जदुनाथ सरकारांची एम. ए. इंग्रजीत होती. राजवाडे बी. ए.वर थांबले आणि गावोगाव दफ्तरांच्या मागे पायपीट केली. ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासावर मराठीत पहिली नेटकी टीका केली नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी, आणि तेव्हा ते विद्यार्थिदशेत होते.

तेव्हा या सुट्टीत एवढे करा. विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र घ्या, सोबत ओळखपत्र ठेवा आणि जवळच्या अभिलेखागारात जा. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर यांपैकी कुठेही चालेल. पहिल्या दिवशी फक्त याद्या पाहा. ‘काय हवंय?’ असे तिथल्या कर्मचाऱ्याने विचारले तर विषयाचे शीर्षक सांगू नका, गाव आणि साल सांगा. रुमाल त्यावरून निघतो.

(पुढील लेखांक : तळटीप कशी लिहावी, आणि कुणाची चोरी कशी पकडावी)