लिनक्स आणि बीएसडी: रूढ गैरसमज आणि देखभालीचे वास्तव

लिनक्स, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी आणि नेटबीएसडी या सगळ्या मुक्त कार्यप्रणालींची घडण युनिक्सची आहे. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्सचे काम सुरू केले. घडण सारखी असल्यामुळे बीएसडी म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, असे सर्रास समजले जाते. प्रत्यक्षात दोघांची वंशावळ वेगळी आहे. बीएसडी कुळ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत खुद्द युनिक्सच्या संहितेवर काम करता करता वाढले. त्यावरून १९९२ मध्ये एटी अँड टीच्या उपकंपनीने खटला भरला आणि १९९४ मध्ये तो तडजोडीने मिटला. लिनक्सचा कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, मात्र लिनस तोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकीत कोऱ्या पाटीवर लिहायला घेतला. लिनक्स म्हणजे मुळात एवढा कर्नलच. त्याभोवती ग्नू प्रकल्पाची आणि इतरांची साधने जोडून डेबियन, फेडोरा, उबुंटू अशी संपूर्ण वितरणे तयार होतात. बीएसडीत कर्नल आणि पायाभूत साधने एकाच प्रकल्पाच्या एकाच भांडारात वाढतात.

हा फरक देखभाल करणाऱ्याला रोज भेटतो. डेबियनवर एकाच पॅकेज व्यवस्थेतून कर्नलपासून ब्राउझरपर्यंत सारे अद्ययावत होते. ओपनबीएसडीवर पायाभूत प्रणालीच्या दुरुस्त्या ‘सिसपॅच’ने बसवायच्या असतात आणि वरून घेतलेली पॅकेजे वेगळ्या कमांडने अद्ययावत करायची असतात. लिनक्सच्या सवयीने फक्त पॅकेजे अद्ययावत करून थांबणाऱ्याच्या यंत्रात पायाच दुरुस्तीविना राहतो.

‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ हा समज घरगुती संगणकाकडे पाहून झालेला आहे. टेबलावरच्या लिनक्स संगणकांसाठी लिहिलेले व्हायरस थोडे आहेत, हे खरे. पण सर्व्हर, राउटर आणि इंटरनेटला जोडलेले कॅमेरे मोठ्या प्रमाणावर लिनक्सवरच चालतात आणि हल्ले तिकडे होतात. २०१६ मधील ‘मिराई’ या मालवेअरने अशीच उपकरणे ताब्यात घेतली. त्यासाठी कोणतीही गुंतागुंतीची युक्ती लागली नाही. कारखान्यातून आलेले आणि कोणीही न बदललेले साठेक नाव-पासवर्ड आजमावणे पुरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या उपकरणांच्या फौजेने डाइन या कंपनीच्या नामसेवेवर मारा केला आणि अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. घरातल्या छोट्या सर्व्हरचा एसएसएच पोर्ट इंटरनेटवर उघडला, की थोड्याच वेळात लॉगमध्ये अनोळखी पत्त्यांवरून लॉगिनचे प्रयत्न दिसू लागतात. पासवर्डऐवजी की-जोडीने प्रवेश ठेवणे आणि रूटचे थेट लॉगिन बंद करणे या दोन गोष्टींनी त्यातला बहुतेक धोका टळतो.

याच्याच जोडीचा समज असा, की संहिता सर्वांसमोर खुली असल्याने तिच्यातील चुका लगेच सापडतात. ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ ही चूक मार्च २०१२ मध्ये वितरित झालेल्या आवृत्तीत होती आणि ती उघड झाली एप्रिल २०१४ मध्ये. लिनक्स कर्नलमधील ‘डर्टी काऊ’ ही चूक २००७ पासून होती. तिचा बोभाटा २०१६ मध्ये झाला. पाहता येणे आणि कोणीतरी खरोखर पाहणे यांत अंतर आहे. मार्च २०२४ मधील ‘एक्सझेड’ प्रकरणात तर कोणीतरी दीर्घकाळ विश्वास संपादन करून एका लहानशा पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संकुचन-संचात चोरवाट पेरली होती. एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढताना आंद्रेस फ्रॉइंड यांना ती सापडली. खुलेपणाचे मोल इथे नेमके दिसते: संशय आलेल्या माणसाला मुळापर्यंत जाता आले. मात्र संशय घेणारा माणूस असावा लागतो, आणि अशा असंख्य लहान प्रकल्पांचा भार एखाद-दोन स्वयंसेवकांवर असतो, ही या क्षेत्राची खरी दुखरी बाजू आहे.

एक्सझेडची ती आवृत्ती डेबियनच्या स्थिर वितरणात पोहोचली नव्हती. चाचणीच्या आणि विकासाच्या शाखांतच तिची लागण झाली होती. यातून आणखी एक गैरसमज तपासता येतो. आवृत्तीचा क्रमांक जुना म्हणजे सॉफ्टवेअर असुरक्षित, असे नसते. डेबियन आणि रेड हॅट यांच्या दीर्घकालीन वितरणांत सॉफ्टवेअरची आवृत्ती सहसा बदलत नाही, पण नंतर सापडलेल्या चुकांची दुरुस्ती तेवढी त्या जुन्या आवृत्तीत आणून बसवतात. डेबियन १२ मधील पॅकेजच्या क्रमांकामागे ‘डेब१२यू३’ अशी जोड दिसली, तर ती त्या दुरुस्त्यांची खूण असते. फक्त मुख्य क्रमांक वाचणारी तपासणी-साधने अशा सुरक्षित पॅकेजांवरही लाल शेरा मारतात. मग कार्यालयात कोणीतरी तो शेरा घालवण्यासाठी बाहेरून नवी आवृत्ती स्वतः बांधून बसवतो. त्या क्षणापासून त्या सॉफ्टवेअरला वितरणाच्या दुरुस्त्या मिळणे बंद होते आणि सगळी जबाबदारी बसवणाऱ्यावर येते.

अर्थात ही सेवा मुदतीपुरती असते. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीला पाच वर्षे, डेबियनला विस्तारित काळ धरून तितकीच. ओपनबीएसडीची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि दुरुस्त्या शेवटच्या दोन आवृत्त्यांनाच मिळतात. जाहीर झालेली मुदतही बदलू शकते. सेंटओएस ८ या वितरणाला २०२९ पर्यंत आधार मिळेल असे धरून अनेकांनी सर्व्हर उभे केले होते. डिसेंबर २०२० मध्ये तो २०२१ अखेर संपेल असे जाहीर झाले. रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स यांचा जन्म त्यातूनच झाला. वितरण निवडताना त्याच्या दिसण्यापेक्षा ते कोण आणि किती काळ सांभाळणार, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

चारशे दिवस रीबूट न झालेला सर्व्हर अभिमानाने दाखवला जातो. त्याचा बहुधा अर्थ एवढाच, की यंत्र चारशे दिवसांपूर्वीच्या कर्नलवर चालले आहे. नवा कर्नल डिस्कवर बसला तरी रीबूटनंतरच तो कामाला लागतो. चालू कर्नलमध्येच दुरुस्ती बसवण्याची सोय आता आहे, पण प्रत्येक दुरुस्ती तशी बसत नाही. कर्नलचेच कशाला, सामायिक लायब्ररी अद्ययावत केल्यावरही आधीपासून चालू असलेली सेवा मेमरीतली जुनी प्रतच वापरत राहते. ती सेवा पुन्हा सुरू करावी लागते. डेबियन-उबुंटूवर ‘नीडरीस्टार्ट’ हे साधन अशा सेवांची यादी देते.

मेमरीच्या बाबतीत उलटी घबराट असते. ‘फ्री’ कमांडमध्ये मोकळी मेमरी नगण्य दिसली, की नवी रॅम मागवली जाते. लिनक्स रिकामी मेमरी पडून राहू देत नाही. वाचलेल्या फाइलींच्या प्रती तिच्यात ठेवतो आणि एखाद्या प्रोग्रामला गरज पडली की लगेच मोकळी करून देतो. म्हणून पाहायचा तो ‘अव्हेलेबल’चा रकाना. डिस्कचे हिशेबही असेच चकवतात. ईएक्सटी४ फाइलव्यवस्था डीफॉल्टने पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. एक टेराबाइटच्या डिस्कवर ती सुमारे ५० गिगाबाइट होते. प्रचंड वाढलेली लॉगफाइल पुसली आणि तरीही जागा सुटली नाही, तर कोणत्या तरी प्रोग्रामने ती उघडी धरलेली असते. तो बंद झाल्याशिवाय जागा परत मिळत नाही, म्हणूनच ‘डीएफ’ आणि ‘डीयू’ या कमांडांचे आकडे जुळत नाहीत.

सर्वांत महागात पडणारा समज बॅकअपविषयीचा आहे. रेड-१ या रचनेत दोन डिस्क एकमेकींची प्रत ठेवतात, त्यामुळे एक डिस्क मेली तरी काम चालू राहते. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदमच जाते. झेडएफएस फाइलव्यवस्थेचे स्नॅपशॉट पुसलेली फाइल परत देतात, मात्र ते त्याच यंत्रात असतात. यंत्र चोरीला गेले की तेही गेले. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरील डेटाबेस पुसला गेला. बॅकअप आणि प्रतिकृतीचे पाच मार्ग योजलेले होते. त्यांपैकी एकही नीट कामी आला नाही. सहा तास आधी दुसऱ्या कामासाठी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने वाचवले, तरी मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्याच. कंपनीने हे सारे उघडपणे सांगितले, म्हणून इतरांना शिकता आले. ज्या बॅकअपमधून माहिती कधी परत काढून पाहिलेली नाही, त्यावर विसंबू नये. घरच्या फोटोंनाही हेच लागू आहे: दुसऱ्या जागी एक प्रत, आणि अधूनमधून त्या प्रतीतली एखादी फाइल उघडून पाहणे.

जुन्या संगणकावर कोणतेही लिनक्स चालते, हेही आता खरे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर नाही. अशा यंत्रांसाठी नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी अजून उपलब्ध आहेत, पण आजची संकेतस्थळे त्या यंत्रांना झेपत नाहीत. कार्यालयांत परवान्याची भीतीही असते. जीपीएल परवान्याचे सॉफ्टवेअर वापरले की आपली सगळी संहिता खुली करावी लागते, असे नाही. ते बंधन सॉफ्टवेअर दुसऱ्याला वितरित करताना येते. संस्थेच्या आत वापरण्यावर किंवा बदलण्यावर ते नाही.

महाराष्ट्रातल्या कार्यालयांत ऐकू येणारी तक्रार म्हणजे लिनक्सवर मराठी नीट चालत नाही. युनिकोड मराठी लिनक्सवर व्यवस्थित चालते. इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो, लोहित आणि नोटो हे देवनागरी फॉन्ट मोफत उपलब्ध आहेत. अडचण येते ती युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेल्या जुन्या दस्तऐवजांची. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या तशा फाइलींत देवनागरी अक्षरे नसतातच. आत रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि तो विशिष्ट फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. फॉन्ट नसेल, तर विंडोजवरही अर्थहीन चिन्हेच दिसतात. अशा फाइली कार्यप्रणाली बदलण्याआधी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्या लागतात, आणि रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरे व अंक माणसाने वाचून तपासावे लागतात.