शेवटच्या पानाचे समाधान

आमच्या घरी एक नियम फार कडक होता. रहस्यकथा आधी वाचून संपविणाऱ्याने दुसऱ्यास तिचा शेवट सांगावयाचा नाही. माझ्या थोरल्या भावाने तो एकदाच मोडला. "खुनी तो डॉक्टरच आहे," असे जेवताना तो बोलून गेला, आणि मुलांवर कधी आवाजही न चढविणारे आमचे बाबा पुढे दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. मला तेव्हा तो राग विलक्षण वाटला होता. तो किती रास्त होता हे कळावयास मात्र मला पंचेचाळिशी गाठावी लागली.

बाबा परळच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी दोन वर्षांची होते. पुढे आम्ही खाडी ओलांडून नव्या मुंबईत, कोपरखैरण्याच्या लहानशा घरात आलो, आणि बाबा तुर्भ्याच्या बाजारात रात्रीचे राखणदार झाले. डबा, बॅटरी आणि एक रहस्यकथा, एवढे त्यांच्या पिशवीत असावयाचेच. मी मराठी घेऊन एम. ए. झाले आणि मला त्या पुस्तकांची लाज वाटू लागली. कोणी पाहुणे यावयाचे असले, की मी ती पलंगाखाली सरकवीत असे. बाबांनी ते पाहिले नसेल असे नाही. पण ते कधी बोलले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी प्रकल्पासाठी 'मराठी रहस्यकथा' हा विषय घेऊन आला. मी म्हटले, "अरे, काहीतरी वाङ्मयीन विषय घे." तो "बरं, मॅडम," म्हणाला आणि गेला. आपण काही वावगे केले असे मला त्या वेळी मुळीच वाटले नाही.

असो. आता मूळ प्रश्नाकडे वळू. खून, चोरी, फसवणूक या गोष्टी वर्तमानपत्रात वाचल्या की आपल्याला अस्वस्थ वाटते. त्याच गोष्टी कादंबरीत वाचल्या की झोप छान लागते. हे कसे होते?

पहिले कारण म्हणजे सचोटीचा व्यवहार. एडगर ॲलन पो याने १८४१ साली या प्रकाराचा पाया घातला, तेव्हापासून लेखक आणि वाचक यांच्यात एक अलिखित करार आहे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९२९ साली त्याचे दहा नियम लिहूनच काढले. गृहस्थ धर्मगुरू होते, तेव्हा नियम दहाच असावेत यात नवल नाही! त्यांचा मथितार्थ असा, की गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकापासून लपवावयाचा नाही, आणि रहस्य सोडविण्यासाठी भुताखेतांना मदतीस बोलवावयाचे नाही. चांगल्या रहस्यकथेचा शेवट वाचून आपण कपाळावर हात मारतो तो "कसे फसवले!" म्हणून नव्हे, तर "हे तर माझ्या डोळ्यांसमोर होते!" म्हणून. ज्या कथेत शेवटच्या प्रकरणात अचानक जुळा भाऊ उपटतो, ती वाचून मनुष्य चिडतो. वाण्याने मापात मारल्यासारखे वाटते.

आमच्या मराठी रहस्यकथेने हे नियम नेहमीच पाळले असे मी म्हणणार नाही. बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६) यांनी हजारावर पुस्तके लिहिली. एवढ्या वेगात प्रत्येक धागा जुळवीत बसणे माणसाच्या हातचे नव्हे. पण त्यांचे झुंजार आणि काळा पहाड घराघरांत पोहोचले ते वेगळ्या गुणामुळे. कायद्याचा हात जेथे पोहोचत नाही तेथे ही मंडळी पोहोचत आणि गरिबाला नाडणाऱ्याचा हिशेब चुकता करीत. त्यांच्यामागून गुरुनाथ नाईक आले. त्यांच्या कॅप्टन दीपनेही असंख्य वाचकांच्या रात्री जागविल्या. सुहास शिरवळकरांचे अमर विश्वास आणि दारा बुलंद कॉलेजच्या पोरांनी बाकाखाली धरून वाचले. यांतल्या कित्येक पोरांना मराठी पुस्तक हाती धरण्याची सवय लागली ती या कथांनी, आमच्या व्याख्यानांनी नव्हे. ही कबुली मराठीच्या प्राध्यापिकेला जड जाते, पण ती दिली पाहिजे.

दुसरे कारण, ठिकाण. रहस्य असे हवे की ते त्याच गावात, त्याच घरात घडू शकले असते. एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकाने १९६४ साली 'द परफेक्ट मर्डर' या कादंबरीत गणेश घोटे नावाचा मुंबईचा मराठी इन्स्पेक्टर उभा केला. गंमत अशी, की लेखकाने तोवर मुंबई पाहिलीही नव्हती. तो येथे प्रथम आला १९७४ साली. घोटे पटतो तो वरिष्ठांना भिणाऱ्या आणि तरीही आपले काम न सोडणाऱ्या स्वभावामुळे. असा माणूस आपल्या प्रत्येक कचेरीत एक तरी असतो. अलीकडे सुजाता मॅसी यांच्या 'द विडोज ऑफ मलबार हिल' (२०१८) या कादंबरीत १९२१ सालची मुंबई आहे, आणि परवीन मिस्त्री ही पारशी वकीलबाई आहे. तीन विधवा पडद्यात राहतात. परपुरुषाने तेथे जावयाचे नाही. तेव्हा पोलिसांना जे विचारता येत नाही ते ही बाईच विचारू शकते. रहस्य त्या घराच्या भिंतींतूनच उगवले आहे. ते उचलून दुसरीकडे नेता येणार नाही.

तिसरे कारण, हेतू. कोणी मारले यापेक्षा का मारले हे अधिक काळ मनात राहते. केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाची २००५ सालची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' ही कादंबरी पाहा. खून कोणी केला हे आरंभीच कळते. शेजारी राहणारा गणिताचा एक शिक्षक त्या बाईला वाचवावयास पुढे होतो, आणि आपण पान उलटीत राहतो ते त्याने नक्की काय केले आणि कशासाठी, एवढे जाणण्यासाठी. या कादंबरीला जपानचे मानाचे नाओकी पारितोषिक मिळाले. शेवट अर्थात मी सांगणार नाही. घरचा नियम आहे.

पण ही तिन्ही कारणे मोजूनही काहीतरी उरत होते, आणि ते मला गेल्या मे महिन्यात माळ्यावर सापडले. बाबांना जाऊन चार वर्षे झाली. त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली, तर आत तीसेक पुस्तके निघाली. त्यांतल्या एकाचे शेवटचे पान फाटलेले होते. रद्दीवाल्याने म्हणूनच स्वस्तात दिले असावे. मागच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर बाबांनी पेन्सिलीने, सुवाच्य अक्षरात, आपल्या मनाने शेवट लिहून ठेवला होता. खुनी कोण याला त्यांनी एकच ओळ दिली होती. उरलेल्या अकरा ओळी होत्या त्या ज्याच्यावर खोटा आळ आला होता त्या कारकुनाविषयी. तो सुटतो, घरी जातो, त्याची बायको दार उघडते, आणि साहेब स्वतः येऊन त्याला म्हणतात, "तुमची चूक नव्हती."

मी तेथेच, माळ्याखालच्या शिडीवर बसून राहिले. गिरण्यांचा संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही. लाखाहून अधिक माणसांचे काम गेले, आणि त्या गोष्टीला शेवटचे पान नव्हते. बाबांना कोणी येऊन म्हटले नाही, की तुमची चूक नव्हती. आम्हीही नाही.

रहस्यकथेचे खरे समाधान मला वाटते ते हे. गुन्हेगार पकडला जाणे हा त्याचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा हा, की संशयाच्या सावलीत उभा असलेला निर्दोष माणूस सर्वांसमक्ष मोकळा होतो. संशय सर्वांवर असतो, म्हणून ही सुटकाही एकट्याची नसते. आयुष्यात हे क्वचित घडते. तेव्हा दीडशे पानांत ते घडताना पाहण्याची ज्याला गरज वाटते, त्या वाचकाची अभिरुची हलकी कशी म्हणावी?

जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर मी त्या विद्यार्थ्याला फोन केला. तो आता वाशीला नोकरी करतो. मी म्हटले, "तुझा विषय चांगला होता. चूक माझी होती." तो हसला आणि म्हणाला, "मॅडम, पुस्तकं अजून आहेत माझ्याकडे. हवी तर आणून देतो."

त्याने आणून दिलेली पुस्तके माझ्या टेबलावर आहेत, आणि पाहुणे आले तरी तेथेच राहतात. या वर्षी एका विद्यार्थिनीने तोच विषय मागितला आहे. तिच्या अर्जावर मी सही केली. बाबांचे ते पुस्तकही तिला वाचावयास दिले आहे. अट एकच घातली: शेवट कोणाला सांगू नकोस.