ओइसो, बोइसो, साइसो! बुसानच्या बाजारातून एक फेरफटका

दक्षिण कोरियाची सहल म्हटली की बहुतेकांचा कार्यक्रम सोलपासून सुरू होतो आणि सोललाच संपतो. पण सोलहून वेगवान केटीएक्स रेल्वेने निघाले, तर अडीच-पावणेतीन तासांत आपण देशाच्या पार दक्षिण टोकाला, बुसानला पोहोचतो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या जागेत दाटीवाटीने वसलेले, 32-33 लाख वस्तीचे हे बंदर. कोरियातले दुसऱ्या क्रमांकाचे शहर.

बुसानमध्ये पाहण्यासारखे आणि खरेदी करण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र इथले बाजार नुसते खरेदीचे ठिकाण नाहीत. घरदार सोडून आलेल्या माणसांनी पुन्हा संसार कसा उभा केला, हे या बाजारांत पावलोपावली दिसते.

निर्वासितांचे शहर

जून 1950 मध्ये कोरियन युद्ध सुरू झाले. काही आठवड्यांतच उत्तरेच्या फौजांनी जवळजवळ सारा दक्षिण भाग व्यापला. बुसान मात्र अखेरपर्यंत त्यांच्या हाती लागले नाही. युद्धकाळात हीच देशाची तात्पुरती राजधानी होती. साहजिकच लाखो निर्वासितांनी इकडे धाव घेतली. धावपळीत ताटातूट झालीच, तर बुसानच्या येओंगदो पुलावर भेटायचे, असे अनेक कुटुंबांनी आपसात ठरवून ठेवले होते. कारण बुसानमधले तेवढे एकच ठिकाण बऱ्याच जणांना ऐकून ठाऊक होते. 1934 साली बांधलेल्या या पुलाचा एक भाग जहाजांसाठी वर उचलला जाई. 1966 मध्ये बंद पडलेले हे उचलणे 2013 पासून पुन्हा सुरू झाले.

आपल्या देशाचाही या इतिहासाशी संबंध आहे. नोव्हेंबर 1950 मध्ये लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्याचे 60 वे पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक बुसानच्या बंदरावर उतरले. युद्धातल्या जखमींची त्यांनी जी सेवा केली, तिची आठवण कोरियात आजही आदराने काढली जाते. शहरातील संयुक्त राष्ट्रांची स्मारक दफनभूमी वेळ काढून जरूर पाहावी. जगात अशी ही एकच आहे.

सलमान खानचा बाजार!

सलमान खानचा 2019 चा 'भारत' आपण पाहिला असेल. तो ज्या कोरियन चित्रपटावर बेतला होता, त्याचे मूळ नावच 'गुकजे सिजांग', म्हणजे 'आंतरराष्ट्रीय बाजार'. आपल्याकडे फाळणी आली, तिकडे युद्ध होते, इतकाच फरक. हा बाजार बुसानमध्ये खरोखरच आहे. 1945 मध्ये जपानी सत्ता गेली, तेव्हा परत जाणाऱ्या जपान्यांनी मागे सोडलेले सामान इथे विकले जाऊ लागले. पुढे युद्धात निर्वासितांनी इथेच दुकाने मांडली. कपडे, भांडी, पांघरुणे, चष्मे, मोजे, पिशव्या असे संसाराला लागणारे सारे काही इथल्या गल्ल्यांत मिळते.

लागूनच बुप्योंगचा 'कांगतोंग' बाजार आहे. कांगतोंग म्हणजे पत्र्याचा डबा. अमेरिकन लष्करी तळांवरून येणारे डबाबंद खाद्यपदार्थ इथे विकले जात, म्हणून हे नाव. संध्याकाळनंतर इथे खाण्याच्या गाड्या लागतात. जवळच बोसूदोंगची जुन्या पुस्तकांची गल्ली आहे. तिची सुरुवातही एका निर्वासित जोडप्याने जुनी मासिके विकायला मांडून केली, असे सांगतात.

जागाल्चीच्या मासेवाल्या

समुद्राला लागून जागाल्ची हा कोरियातला प्रसिद्ध मासळीबाजार आहे. रबरी बूट आणि प्लास्टिकचे एप्रन घातलेल्या प्रौढ बायका इथल्या खऱ्या मालकिणी. 'जागाल्ची आजुम्मा' म्हणून त्या देशभर ओळखल्या जातात. युद्धानंतर कित्येक विधवांनी आणि निर्वासित स्त्रियांनी टोपलीभर मासळी विकून मुलांना शिकवले, मोठे केले. आपल्या कोळणींची आठवण यावी असाच त्यांचा ठसका! 'ओइसो, बोइसो, साइसो', म्हणजे 'या, बघा, घ्या', हे बुसानच्या बोलीतले बोल या बाजाराचे घोषवाक्यच झाले आहे. तळमजल्यावर मासा निवडावा आणि वरच्या मजल्यावर तो शिजवून घ्यावा, अशी सोय इथे आहे.

शाकाहारी मंडळींनी काय करावे?

शाकाहारी प्रवाशांनी इथे जरा सावध राहावे. नुसती भाजी दिसली तरी तिच्या रश्शात सुकी मासळी असू शकते. किमचीतही बहुधा मासळीचा रस किंवा खारवलेली कोलंबी असते. मांस आणि अंडे वगळून बिबिम्बाप, म्हणजे भाज्या घातलेला भात मागावा. बिफ चौकात मिळणारा 'सिआत होत्तोक' मुलांना हमखास आवडेल. साखरेचे सारण भरून तळलेल्या या जाडसर पोळीत भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया भरून देतात. सोबत घरचा सुका खाऊ असलेला बरा.

आणखी काय पाहाल?

डोंगर उतारावरचे गामचोन हे निर्वासितांच्या झोपड्यांतून उभे राहिलेले गाव. पुढच्या घराने मागच्या घराचा उजेड अडवायचा नाही, अशा बेताने इथली घरे पायऱ्यापायऱ्यांनी बांधली आहेत. 2009 पासून कलाकारांनी आणि रहिवाशांनी मिळून ते रंगवले आणि सजवले. मात्र इथे आजही लोक राहतात. त्यांच्या खिडक्यांतून डोकावू नये, मोठ्याने बोलू नये. हेउंदेचा समुद्रकिनारा आणि सातव्या शतकातले बोमोसा हे बौद्ध मंदिरही पाहण्याजोगे आहे. वातानुकूलित खरेदी हवी असेल, तर शिनसेगे सेंटम सिटी आहेच. 2009 मध्ये जगातील सर्वांत मोठे डिपार्टमेंट स्टोअर म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद झाली.

खरेदी करताना

● मोठ्या दुकानांत भाव ठरलेले असतात. जुन्या बाजारांत हसतमुखाने थोडी घासाघीस चालते.
● भाव कमी झाला नाही, तरी आपली भाजीवाली वर मिरची-कोथिंबीर घालते तसे 'तोम' म्हणून वर थोडे जास्त मिळू शकते.
● लहान विक्रेत्यांसाठी रोख वॉन जवळ ठेवावेत.
● पासपोर्ट जवळ बाळगावा. परदेशी पर्यटकांना अनेक दुकानांत कर परत मिळतो.
● भेट देण्यासाठी जिनसेंगचा चहा, सौंदर्यप्रसाधने, मोजे आणि लेखनसाहित्य उत्तम. सामानात त्यांचे ओझेही होत नाही.

चकचकीत मॉल आता आपल्या शहरांतही आहेत. त्यासाठी इतक्या दूर जाण्याची गरज नाही. बुसानला गेलात, तर खरेदीतला थोडा वाटा या जुन्या बाजारांसाठी जरूर राखून ठेवा. सगळे गमावलेल्या माणसांनी टोपली मांडून जो व्यवसाय सुरू केला, तो पुढच्या पिढीतही चालू राहायचा, तर त्यांच्याकडे गिऱ्हाईक यायलाच हवे.