शेतीतील तंटे आणि मध्यस्थाचे कार्य

शेतीच्या उत्पन्नात घट का येते याची कारणे सांगताना कीड, रोग, अवर्षण व निकस बियाणे यांचा उल्लेख नेहमी होतो. तंटा हे कारण मात्र त्या यादीत क्वचितच आढळते. वास्तविक पाहता, बांधावरून दोन शेजाऱ्यांत वैर आले म्हणजे शेताची वाट बंद होते. वाट बंद झाली म्हणजे पेरणीचे यंत्र व शेणखताची गाडी शेतापर्यंत पोहोचत नाही. एकदा वाफसा निघून गेला की नंतर मिळालेला कोणताही निकाल त्या हंगामाची पेरणी परत आणून देऊ शकत नाही. पिकाला मुदत असते, तंट्याला ती नसते. यास्तव तंटा वेळेवर मिटविणे हे शेतीच्या कामांपैकीच एक काम होय, आणि इतर कामांप्रमाणे तेही शिकून घेता येते.

तंट्याची मुळे

खेड्यातील बहुतेक तंटे चार गोष्टींभोवती फिरतात : हद्द, वाट, पाणी व वाटणी. यांच्या मुळाशी जमिनीचे होत गेलेले तुकडे आहेत. महाराष्ट्रातील वहितीचे सरासरी क्षेत्र १९७०-७१ च्या कृषिगणनेत ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. तुकडा लहान झाला की हातभर रुंदीचा बांधही मोलाचा वाटू लागतो, एका खातेदाराचे चार खातेदार होतात, आणि पूर्वी एका घराची असलेली विहीर चार घरांची होते. त्यातच आजोबांच्या वेळचे तोंडी ठरलेले करार नातवांना माहीत नसतात. अशा स्थितीत भाऊबंदकी केवळ स्वभावदोषामुळे वाढते असे समजणे योग्य नव्हे. पुष्कळ ठिकाणी माणसे वाईट नसतात. जुनी व्यवस्था मोडलेली असते व नवी कोणी लावून दिलेली नसते.

मागणी व गरज यांतील भेद

तंटा मिटविण्याच्या शास्त्रात एक विचार पायाभूत मानला जातो. माणूस जे मागतो ती त्याची मागणी. तो ते ज्या कारणासाठी मागतो ती त्याची गरज. मागण्या परस्परविरोधी असल्या तरी गरजा तशाच असतील असे नाही.

अमेरिकेतील विदुषी मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२५ साली हा विचार मांडताना एका दूध-उत्पादक सहकारी संघाचे उदाहरण दिले होते. दूध उतरविण्याचा ओटा उतारावर होता. टेकडीवरून खाली येणारे गाडीवाले म्हणत की आमचे कॅन आधी उतरावेत. खालून चढून येणारे म्हणत की आमचे. संघ मोडण्याची वेळ आली. अखेर ओट्याची जागा अशी बदलण्यात आली की दोन्ही बाजूंच्या गाड्यांना एकाच वेळी कॅन उतरविता येऊ लागले. अग्रक्रम कोणालाच मिळाला नाही आणि खोळंबाही कोणाचा झाला नाही. फॉलेट यांच्या मते तंटा तीन मार्गांनी संपतो. एकाने दुसऱ्यावर मात करावी, दोघांनी थोडे थोडे सोडावे, किंवा दोघांच्याही गरजा भागतील अशी नवी वाट काढावी. पहिल्या मार्गात हरलेला पक्ष सूड मनात ठेवतो. दुसऱ्यात दोघेही अर्धे असमाधानी राहतात. तिसरा मार्ग शोधण्यास कष्ट पडतात, परंतु तोच अधिक टिकतो.

पुढे १९८१ साली रॉजर फिशर व विल्यम युरी यांनी ‘गेटिंग टु यस’ या ग्रंथात हेच सूत्र विस्ताराने मांडले. माणूस व प्रश्न यांची गल्लत करू नये, मागणीपेक्षा गरजेकडे पाहावे, आणि निर्णय कोणाच्या हट्टावर न ठेवता दोघांस मान्य असलेल्या मोजमापावर ठेवावा, हे त्यातील प्रमुख सांगणे आहे. शेतकऱ्यास हे मोजमाप नवे नाही. मोजणीचा नकाशा, पिकाची पाण्याची पाळी व मोटार चालल्याचे तास ही त्याच्या रोजच्या व्यवहारातील मापेच आहेत.

एका सामाईक विहिरीचे उदाहरण

समजा, दोघा भावांची जमीन अलग झाली, परंतु विहीर सामाईक राहिली. थोरल्याने नोव्हेंबरच्या पूर्वार्धात गहू पेरला आहे. धाकटा डिसेंबरअखेर रब्बी कांद्याची लागण करणार आहे. दोघांचेही म्हणणे एकच : पाणी निम्मे निम्मे, एक दिवस माझा व एक दिवस तुझा. वरवर पाहता हा न्याय चोख दिसतो. तरीही भांडण थांबत नाही. गावातील एका वृद्ध गुरुजींना मध्यस्थ म्हणून बोलाविण्यात येते. ते निर्णय न देता प्रश्न विचारतात.

“दादा, गव्हाला पाणी रोज लागते काय?”

“नाही गुरुजी, ठराविक पाळ्याच लागतात. गोठ्यातल्या जनावरांना मात्र रोज लागते.”

“मग दिवसाआडच्या पाळीचा आग्रह कशासाठी?”

“एकदा पाळी सोडली तर पुढे ती माझी राहायची नाही, म्हणून.”

धाकटा म्हणतो, “दादाने आताच विहीर उपसली तर मार्चात तळ दिसेल. माझा कांदा पोसायच्या वेळी पाणी कुठून आणू?”

दोन प्रश्नांत तंट्याचे रूप पालटले. थोरल्यास हक्क बुडण्याची भीती आहे. धाकट्यास उन्हाळ्याच्या तोंडी पाणी संपण्याची. आता पिकांकडे पाहावे. गव्हास मुकुटमुळे फुटताना, म्हणजे पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, कांडी धरताना ४० ते ४५ दिवसांनी, फुलोऱ्यात ६० ते ६५ दिवसांनी व दाणे भरताना ८० ते ८५ दिवसांनी पाणी मिळणे महत्त्वाचे असते. नोव्हेंबरच्या पूर्वार्धातील गव्हाची ही शेवटची पाळी फेब्रुवारीच्या सुरुवातीस आटोपते. कांद्यास पाणी हलके व वारंवार लागते, आणि त्याची खरी निकड गड्डा पोसताना, फेब्रुवारीअखेरपासून पुढे असते. काढणीपूर्वी १५ ते २० दिवस तर ते तोडावेच लागते. म्हणजे दोन्ही पिकांची निकड एकाच वेळी येत नाही. दिवसाआड निम्मे पाणी देऊन दोघांचेही नुकसान होत होते.

यावरून उभा राहणारा करार असा : गव्हाच्या चारही पाळ्यांच्या वेळी शेत भिजेपर्यंत सलग दिवस विहीर थोरल्याची, गव्हाचे अखेरचे पाणी झाल्यावर ती धाकट्याची, जनावरांच्या हौदासाठी रोज एक तास बाराही महिने राखीव. विजेचे बिल व मोटारीची दुरुस्ती मोटार चाललेल्या तासांच्या प्रमाणात. आणि थोरल्याची भीती दूर व्हावी म्हणून करारात स्पष्ट नोंद : ही व्यवस्था एका हंगामाची आहे, निम्मा हक्क दोघांचाही कायम आहे.

मध्यस्थीच्या पायऱ्या

लवाद व मध्यस्थ हे एक नव्हेत. लवाद दोन्ही बाजू ऐकून निर्णय देतो. मध्यस्थ निर्णय देत नाही. तो पक्षकारांकडून त्यांचाच निर्णय काढवून घेतो. त्याने साधारणपणे पुढील क्रम पाळावा.

१. दोघांची संमती घ्यावी. आपले एका पक्षाशी नाते, देणे-घेणे वा गटाचा संबंध असेल तर तो आधीच सांगावा व दुसऱ्याची हरकत असल्यास बाजूस व्हावे.

२. प्रथम प्रत्येकाचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकावे. एकांतात सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीवाचून दुसऱ्यास सांगू नये. पारावर सर्वांसमक्ष माणूस मागे हटण्यास लाजतो. घरी तोच मोकळेपणाने बोलतो.

३. ऐकलेले म्हणणे आपल्या शब्दांत परत सांगून, “हेच ना?” असे विचारावे. आपले म्हणणे नीट कळले आहे, एवढ्या खात्रीनेच पुष्कळांचा राग उतरतो.

४. जागेवर जाऊन पाहावे. हद्दीचा वाद असल्यास तर्क न करता रीतसर मोजणी मागवावी व तिचा खर्च कोणी सोसावयाचा हे अगोदर ठरवावे.

५. तोडगे अनेक मांडू द्यावेत. पहिल्याच तोडग्यावर शिक्कामोर्तब करण्याची घाई करू नये.

६. ठरलेले लिहून काढावे. कोणी, काय, कोणत्या तारखेपर्यंत करावयाचे व न केल्यास पुढे काय, हे त्यात असावे. ते दोघांस वाचून दाखवून मगच सह्या घ्याव्यात आणि एका हंगामानंतर पुन्हा बसण्याचा दिवस नेमावा.

महाराष्ट्रातील अनुभव

पाण्याचे वाटप आपसांत करण्याची परंपरा या भूमीत जुनी आहे. धुळे भागातील पांझरा व इतर नद्यांवरील फड पद्धतीत बंधाऱ्याखालच्या क्षेत्राचे फड पाडून एका फडात एकच पीक घेतले जाई, आणि पाणी फिरविण्यासाठी पाटकरी नेमलेले असत. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजवावयाचे क्षेत्रच कमी केले जाई, त्यामुळे टंचाईचा भार एकट्यावर पडत नसे. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. तेथे पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता घरातील माणसांवर ठरला : माणशी अर्धा एकर, कुटुंबास अधिकाधिक अडीच एकर. उसास मनाई होती आणि भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानला गेला. या दोहोंत तंटा झाल्यावर तो मिटविण्यापेक्षा नियम आधीच सर्वांनी मिळून केल्याने तंट्याचे कारणच कमी झाले. राज्य शासनाने २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तीत ग्रामसभेने निवडलेल्या समितीकडे समेट घडविण्याचे काम सोपविण्यात आले.

कायद्याचा आधार

समेट न झाल्यास अथवा झालेला समेट पक्का करावयाचा असल्यास कायद्याचे मार्ग ठाऊक असावेत. वहिवाटीची वाट वा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी अडविल्यास १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. ती अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. शेतास मुळात वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून वाट मागता येते. एकाच्या नावची जमीन दुसऱ्याच्या व दुसऱ्याच्या नावची पहिल्याच्या ताब्यात असल्यास, २०२३ च्या सलोखा योजनेने किमान बारा वर्षांच्या ताब्याच्या प्रकरणी अदलाबदलीचा दस्त १,००० रुपये मुद्रांक शुल्क व १,००० रुपये नोंदणी फीवर करण्याची सवलत दिली. तिच्या मुदतीची चौकशी तहसील कार्यालयात करून मगच पुढील खर्च करावा. दावा न्यायालयात गेला असला तरी लोकअदालतीत समेट करता येतो. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे तेथील निवाड्यास दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील नसते व भरलेली न्यायालय फी परत मिळते.

मध्यस्थीच्या मर्यादा

समेट हा नेहमीच न्याय असतो असे नाही. दुर्बळास गप्प बसवून मिळविलेली शांतता म्हणजे समेट नव्हे. म्हणून मध्यस्थाने बैठकीच्या आरंभी एक प्रश्न अवश्य विचारावा : या बैठकीत कोण नाही? वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीस भाऊ जमतात, परंतु सासरी गेलेल्या बहिणीस बोलावणे जात नाही. जाते ते हक्कसोडपत्रावर सहीसाठी. हिंदू एकत्र कुटुंबाच्या जमिनीत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीने दिला आहे. तिने आपला हिस्सा स्वखुशीने सोडणे वेगळे आणि “माहेर तुटेल” या धाकाने सोडणे वेगळे. तिची एकटीची भेट घेतल्यावाचून तिच्या सहीस मध्यस्थाने संमती समजू नये. विधवा भावजय, वाटेकरी व परगावी राहणारा खातेदार यांनाही हेच लागू आहे.

घरातील मारहाण, स्त्रीवरील अत्याचार व इतर गंभीर गुन्हे हे गावाच्या बैठकीचे विषय नाहीत. त्यांची जागा पोलीस ठाणे व न्यायालय हीच आहे. निर्णय न मानणाऱ्या कुटुंबाशी व्यवहार तोडण्याचा जातपंचायतीचा मार्ग तर स्वतःच अपराध आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा २०१६ चा कायदा २०१७ पासून अमलात आहे. मध्यस्थाजवळ दंडाचे बळ नसते, आणि ते नसणे हेच त्याच्यावरील विश्वासाचे कारण असते.

हंगामापूर्वीची तयारी

शेतकरी बांधवांनी नांगरटीपूर्वी बियाणे व खताची तजवीज करावी, त्याचप्रमाणे या बाबींचीही करावी. हद्दीच्या खुणा शेजाऱ्यास बरोबर घेऊन पाहाव्यात. सामाईक विहिरीच्या पाळ्या पिकांचे नियोजन ठरतानाच कागदावर उतरवाव्यात. वाटेबद्दल काही बोलावयाचे असल्यास ते उन्हाळ्यात, रान मोकळे असताना बोलावे; पाऊस पडल्यावर दोघेही घाईत असतात व घाईत शब्द वाढतो. चर्चा एका दुपारची असते, दावा कित्येक हंगामांचा. ती दुपार काढणे ज्या घरास साधते, त्या घराच्या शेतात पेरणी वाफशावर होते.