कुटुंबनियोजन सेवा आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वतपासणी

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वतपासणी कुटुंबनियोजन केंद्रातच व्हावी, हा विचार प्रथमदर्शनी निर्विवाद वाटतो. तांबी बसविताना परिचारिका स्पेक्युलम लावून गर्भाशयमुख पाहतेच. त्यावर पातळ ॲसिटिक आम्ल लावून मिनिटभर थांबले, की विकृत पेशींचा भाग पांढुरका दिसू लागतो.

परंतु भारतात हा विचार स्त्रीच्या वयापाशी अडतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. तांबी वापरणाऱ्या जेमतेम २ टक्के होत्या. नसबंदी बहुधा पंचविशीच्या आसपास होते, आणि उदरावाटे होणाऱ्या त्या शस्त्रक्रियेत वरील तपासणी अंतर्भूत नसते. पूर्वतपासणी मात्र तिशीनंतरच करणे इष्ट. कारण तरुण वयात ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा संसर्ग पुष्कळदा होतो व बहुधा आपोआप नाहीसाही होतो. जो टिकतो, तोच पुढे कित्येक वर्षांनी कर्करोगास कारण होतो. म्हणजे तपासणीची वेळ येते तेव्हा त्या स्त्रीचा केंद्राशी संबंध उरलेला नसतो. त्याच सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या दोन टक्के स्त्रियांचीदेखील अशी तपासणी कधी झालेली नव्हती.

ह्या दृष्टीने महाराष्ट्रातील दोन प्रयोग उद्बोधक आहेत. तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांच्या अभ्यासात, २००९ च्या निष्कर्षानुसार, विषाणूच्या एकाच चाचणीने ह्या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. आम्लपरीक्षेने तेथे लक्षणीय घट झाली नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने दर दोन वर्षांनी, चार वेळा आम्लपरीक्षा केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. (तुलनागटांना तपासणीविना ठेवण्यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले, ते अप्रस्तुत म्हणता येणार नाहीत.) दोन्ही ठिकाणी कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन स्त्रियांना निमंत्रण दिले, हे विशेष.

तेव्हा कुटुंबनियोजन सेवेची खरी उपयुक्तता तिच्या इमारतीत नसून जननक्षम जोडप्यांच्या नोंदवहीत आहे, असे मला वाटते. नसबंदी झालेली कोणती स्त्री यंदा तिशी ओलांडते, हे त्या वहीतून कळू शकते. विषाणूच्या चाचणीसाठी नमुना स्त्री स्वतःही घेऊ शकते. मात्र दोष आढळल्यास शीतोपचाराची अथवा पुढील उपचारांची सोय जवळपास नसेल, तर ती वही उघडण्यात अर्थ नाही.