गाडीवरचा मोनोग्राम आणि खारा वारा

मांडव्याच्या धक्क्यावर किंवा अलिबागच्या एस.टी. स्थानकाबाहेर उभे राहिले, तर घटकाभरात कितीतरी तऱ्हेच्या गाड्या नजरेखालून जातात. २०२० सालापासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोटारी बोटीत चढून थेट मांडव्याला उतरू लागल्या. त्याशिवाय गावोगावच्या रिक्षा, मिनिडोर, टेम्पो आहेतच. या प्रत्येक गाडीच्या पुढच्या भागावर कंपनीचे चिन्ह असते आणि मागे तिच्या नावाची अक्षरे असतात. गॅरेजमध्ये त्यांना ‘मोनोग्राम’ म्हणतात. कोणाचा मोनोग्राम रुपेरी, कोणाचा सोनेरी, कोणाचा काळा, तर कोणाचा लाल असतो.

कोणत्या रंगाच्या गाडीवर कोणता मोनोग्राम शोभेल? हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न आहे, असे आपल्याला वाटते. पण त्याच्या पोटात विज्ञानाचे दोन प्रश्न दडलेले आहेत. डोळ्याला काय दिसेल, हा पहिला. तो पदार्थविज्ञानाचा आहे. हवेत काय टिकेल, हा दुसरा. तो रसायनशास्त्राचा आहे. पुण्या-नाशिकचा माणूस पहिल्या प्रश्नावर थांबला तरी एक वेळ चालेल. रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीवर राहणाऱ्याला मात्र दुसरा प्रश्न आधी विचारावा लागतो. ज्याच्या घराची चूल मिनिडोरवर पेटते, त्याच्या पत्र्याला पडलेले गंजाचे भोक म्हणजे नुसती शोभा गेली असे नव्हे, तर दोन-चार दिवसांची कमाई गेली.

रंगछटा वेगळी, उजळपणा वेगळा

प्रथम डोळ्याचा विचार करू. तांबडा, हिरवा, निळा ही रंगांची नावे आपण घेतो. ती झाली रंगछटा. पण प्रत्येक रंगाला दुसराही एक गुण असतो, तो म्हणजे उजळपणा. पिवळा रंग उजळ असतो, जांभळा गडद असतो. अक्षरे दुरून वाचता येणे हे मुख्यतः उजळपणातील फरकावर अवलंबून असते. रंगछटेतील फरकावर फार थोडे. लाल आणि हिरवा हे रंग एकमेकांपासून कितीही वेगळे वाटले, तरी दोघांचा उजळपणा सारखा असेल तर हिरव्या गाडीवरची लाल अक्षरे वीस पावलांवरून धूसर होतात. लाल-हिरव्यातील भेद ज्यांना कळत नाही, त्यांना तर ती दिसणारच नाहीत.

आपल्याकडील वाहनांच्या क्रमांकाच्या पाट्या पाहा. खाजगी गाडीची पाटी पांढरी व अक्षरे काळी. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी व अक्षरे काळी. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देतात त्या गाडीची पाटी काळी व अक्षरे पिवळी. विजेवर चालणाऱ्या खाजगी गाडीची पाटी हिरवी व अक्षरे पांढरी. तीच गाडी भाड्याची असेल तर अक्षरे पिवळी. या सगळ्या जोड्यांत एक बाजू उजळ आणि दुसरी गडद आहे. अपघातानंतर पळून जाणाऱ्या गाडीचा ‘एमएच ०६’ पुढचा क्रमांक भर पावसात कोणाला तरी वाचता यावा, अशी ही योजना आहे. मोनोग्रामवर कोणाचा जीव अवलंबून नसतो, पण डोळ्याचा नियम तोच राहतो.

सांजवेळी लाल रंग कोठे जातो?

चेक शास्त्रज्ञ यान पुर्किंये याला पहाटेच्या अंधुक उजेडात लाल फुले काळपट दिसतात आणि निळा रंग त्या मानाने उजळ भासतो, असे आढळले. हे निरीक्षण त्याने १८२५ साली प्रसिद्ध केले. याचे कारण पुढे कळले. आपल्या डोळ्यांत प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. भर उजेडात शंकुपेशी काम करतात. त्यांना मिळून सुमारे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे पिवळट हिरवा प्रकाश सर्वांत उजळ वाटतो. अंधुक उजेडात दंडपेशी काम करतात. त्यांची संवेदनक्षमता सुमारे ५०७ नॅनोमीटरला, म्हणजे निळसर हिरव्याला सर्वाधिक असते. लाल प्रकाश त्यांना जवळजवळ दिसतच नाही. म्हणून काळ्या गाडीवरचा लाल मोनोग्राम दुपारी ठळक दिसतो आणि दिवेलागणीला नाहीसा होतो.

शेजारच्या रंगाचाही परिणाम होतो. पॅरिसच्या गोबेलँ या गालिचे विणणाऱ्या कारखान्यात मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ रंगविभागाचा प्रमुख होता. तेथील काळा धागा निळ्या-जांभळ्या कापडात फिका दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासले तेव्हा धाग्याच्या रंगात काहीच खोट नव्हती. फिकेपणा शेजारच्या रंगामुळे भासत होता. या अभ्यासावरचा त्याचा ग्रंथ १८३९ साली निघाला. दुकानात सुटा पाहिलेला मोनोग्राम गाडीवर लावल्यावर निराळा का दिसतो, हे यावरून समजेल. तो विकत घेण्यापूर्वी गाडीच्या पत्र्यावर ठेवून पाहणे, हाच खरा मार्ग.

क्रोमचा स्वतःचा रंग कोणता?

रुपेरी मोनोग्रामची गंमत आणखी वेगळी. क्रोमियमचा गुळगुळीत पृष्ठभाग त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ६० ते ६५ टक्के परत पाठवतो आणि तोही आरशासारखा, एका ठरावीक दिशेने. त्यामुळे क्रोमचे अक्षर स्वतःचा रंग फारसा दाखवत नाही. ते आसपासचा देखावा दाखवते. अक्षराचा वर कललेला भाग आकाश दाखवतो, तो उजळ. खाली कललेला भाग रस्ता दाखवतो, तो गडद. गडद निळ्या किंवा काळ्या गाडीवर आकाशाचे प्रतिबिंब उठून दिसते. पांढऱ्या गाडीवर अक्षरांच्या कडांतील रस्त्याचे गडद प्रतिबिंब उपयोगी पडते. रुपेरी गाडीवर मात्र दोन्ही अंगांनी उठाव कमी, म्हणून तेथे काळे अक्षर बरे.

चकाकी नसलेला मंद पृष्ठभाग प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, म्हणून तो कोठूनही पाहिला तरी जवळजवळ सारखाच दिसतो. चकचकीत काळे अक्षर झळाळीत उन्हात पांढरे चमकून वाचता येत नाही. मंद काळे वाचता येते.

हवेतले मीठ

आता दुसरा प्रश्न. भूगोलात तुम्ही खारे वारे आणि मतलई वारे शिकला आहात. दुपारी समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे. ते नावाप्रमाणे खरोखरच खारे असतात. लाटा फुटतात तेव्हा फेसातील असंख्य बुडबुडे फुटतात आणि पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. वारा हे थेंब आत वाहून आणतो. ते झाडांवर, घरांवर, गाड्यांवर बसतात. पाणी उडून जाते आणि मीठ राहते. किनाऱ्यापासून जसजसे आत जावे तसतसे हे प्रमाण झपाट्याने कमी होते.

कोरडे मीठ धातूला फारसा त्रास देत नाही. पण ते कोरडे राहतच नाही. शुद्ध मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की ते हवेतील बाष्प ओढून विरघळते. समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असते. ते तर सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच ओले होते. मिठागरातले जाडे मीठ बरणीत ठेवले की त्याला पाणी सुटते, ते मुख्यतः यामुळेच. म्हणजे किनाऱ्यावरच्या गाडीवर दिवस-रात्र खाऱ्या पाण्याचा अदृश्य पापुद्रा असतो, असे म्हटले तरी चालेल.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. पावसाळ्यात गंज सर्वांत जास्त चढतो असे आपण धरून चालतो. पण मुसळधार पाऊस उघड्या भागावरचे मीठ धुऊन नेतो. ऑक्टोबर ते मे या काळात धुणारा पाऊस नसतो. मीठ रोज थोडे थोडे साठते आणि रात्रीच्या दवाने ओले होते. मोनोग्रामच्या कडेखालच्या फटीत तर पावसाची धारही नीट पोचत नाही. तेथे मीठ बारमाही राहते.

चमकत्या थराखाली

क्रोमचा मोनोग्राम आतून-बाहेरून क्रोमचा नसतो. पूर्वी तो जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असे. आता बहुधा ए.बी.एस. नावाच्या प्लॅस्टिकचा असतो. त्यावर विजेच्या साहाय्याने आधी तांब्याचा, मग निकेलचा आणि शेवटी क्रोमियमचा मुलामा देतात. निकेलचा थर साधारण १० ते ३० मायक्रॉन जाडीचा असतो. क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ! (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो.)

इतक्या पातळ थराला बारीक छिद्रे वा तडे असतातच. त्यांतून खारे पाणी निकेलपर्यंत पोचते. दोन वेगळे धातू आणि त्यांना जोडणारे खारे पाणी म्हणजे काय? विद्युत्‌घटच! क्रोमियमवर त्याच्या ऑक्साइडाचे संरक्षक कवच असते, म्हणून ते शाबूत राहते आणि निकेल झिजते. क्रोमचा पृष्ठभाग मोठा आणि उघडे निकेल टाचणीच्या टोकाएवढे, त्यामुळे सगळा विद्युत्‌प्रवाह त्या एका ठिपक्यावर एकवटतो आणि तेथे खोल खड्डा पडतो. खालचे तांबे उघडे पडले की हिरवट डाग दिसू लागतात.

यावर तंत्रज्ञांनी काढलेला उपाय मोठा चतुराईचा आहे. त्यांनी छिद्रे बुजवण्याऐवजी वाढवली! प्रत्येक चौरस सेंटिमीटरमध्ये डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रे मुद्दाम ठेवली, की तोच प्रवाह हजारो ठिकाणी वाटला जातो आणि कोठेही खोल खड्डा पडत नाही. एका माणसाच्या डोक्यावरचे ओझे गावाने वाटून घ्यावे, तसेच हे.

सोनेरी अक्षरे पितळेची असली तर त्यांच्यावरचे पारदर्शक रोगण शाबूत आहे तोवरच ती चमकतात. रोगण सुटले की खाऱ्या हवेत पितळ काळपट-हिरवे पडते आणि त्यातील जस्त हळूहळू निघून जाते.

भोक की चिकटपट्टी?

जुन्या गाड्यांची अक्षरे मागच्या खुंट्यांनी पत्र्याच्या भोकांत बसवलेली असत. भोकाच्या कडेला रंग सुटलेला, म्हणजे उघडे लोखंड. त्याला लागून पितळ किंवा क्रोम. पुन्हा तोच विद्युत्‌घट, पण या वेळी झिजते ते गाडीचे लोखंड! रंगाखालून गंज पसरतो आणि फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा पोखरलेला असतो.

आता मोनोग्राम बहुधा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या, फेसासारख्या मऊ पट्टीने लावतात. ती मऊ का? प्लॅस्टिक उष्णतेने पोलादाच्या सहा-सात पट प्रसरण पावते. काळी गाडी उन्हात ४० अंशांनी तापली, तर १५ सेंटिमीटर लांबीचे अक्षर सुमारे अर्धा मिलिमीटर वाढते; त्याखालचा पत्रा मिलिमीटरचा चौदावा भागच वाढतो. हा फरक मऊ पट्टी ताणून झेलते. कडक गोंद असता तर तो तुटला असता.

मिनिडोर आणि रिक्षांवर देवाचे किंवा मुलांचे नाव ‘रेडियम’ने काढलेले असते. या कामात रेडियम मूलद्रव्याचा लवलेशही नसतो! ती प्लॅस्टिकची पट्टी असते. तिच्यातील काचेचे सूक्ष्म मणी दिव्याचा प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतात. तिला भोक लागत नाही आणि गंजही चढत नाही. दिसायला साधे, पण किनाऱ्यावर शहाणपणाचे!

मग निवड कशी करावी?

पांढऱ्या वा रुपेरी गाडीला मंद काळे अक्षर सर्वांत वाचनीय. काळ्या, गडद निळ्या, गडद तांबड्या गाडीला रुपेरी. सोनेरी रंग गडद हिरव्या वा तपकिरी गाडीवर उठतो, पांढऱ्यावर हरवतो. लाल अक्षर पांढऱ्यावरच घ्यावे. आणि काही लाल रंगद्रव्ये उन्हात लवकर विटतात हेही लक्षात ठेवावे. किनाऱ्यावर धातूपेक्षा प्लॅस्टिकचा आणि भोकाऐवजी पट्टीने लावायचा मोनोग्राम घ्यावा. कोरड्या ऋतूत आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने गाडी धुवावी आणि मोनोग्रामच्या कडेवरून मऊ ब्रश फिरवावा. खारे पाणी पुसून काढले, तर विद्युत्‌घट चालणारच नाही.

करून पाहा

१) पाच गाड्यांच्या मोनोग्रामची मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्रे घ्या. ज्याची अक्षरे त्यातही स्पष्ट दिसतात, त्याचा उजळपणातील फरक चांगला. हीच अक्षरे दिवेलागणीला वीस पावलांवरून वाचा आणि ताडून पाहा.

२) तीन लोखंडी खिळे घासून स्वच्छ करा. एक तसाच ठेवा, दुसऱ्याला तांब्याची उघडी तार गुंडाळा, तिसऱ्याला जस्ताची पट्टी (संपलेल्या साध्या सेलचे बाहेरचे भांडे जस्ताचे असते, ते शिक्षकांकडून कापून घ्या). तिन्ही वेगवेगळ्या पेल्यांत मिठाच्या पाण्यात ठेवा आणि आठवडाभर रोज नोंद करा. कोणता खिळा आधी गंजला, कोणता वाचला? जहाजांच्या पोलादी तळाला जस्ताचे ठोकळे का बसवतात, याचे उत्तर त्या नोंदीतच मिळेल.